उत्तरेच्या घरातलं प्रस्थान

१

पाथरीच्या पंचायत समितीत आवक-जावकचं टेबल सांभाळणाऱ्या परमेश्वर गिरामनं बायकोला शिमला-मनाली दाखवायचं ठरवलं, तेव्हा लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि राजेश्रीनं मागणं सोडून दिल्याला तीन. पण एकदा ठरलं म्हटल्यावर गडी कामाला लागला. दोनशे पानी वही आणली, पट्टीनं आखली आणि तारीखवार प्रवास मांडला. पाच मे, मंगळवार, पहाटे सहा वाजता जीपनं पाथरी सोडायची. सेलू, मग देवगाव फाटा, तिथं उसाचा रस. जालना. छत्रपती संभाजीनगरला मेव्हणीकडं जेवण आणि तिथून रेल्वे. सहाला दिल्ली, सातला चंदीगड, आठ आणि नऊ शिमला, दहाला संध्याकाळी मनाली, अकराला आराम. बारा मे, दुपारी साडेबारा, या रकान्यात एकच शब्द होता, बर्फ, आणि त्याखाली दोन रेघा. पुढची पानं कोरी होती. परतताना अमृतसर करायचं का मथुरा, यावर घरात रोज वाद व्हायचा आणि रोज उद्यावर जायचा.

वही घरभर फिरली. लेक नंदिनी तिला पप्पांचं सरकारी गॅझेट म्हणायची. राजेश्री मात्र भाजी निवडता निवडता ती उघडून बसायची आणि मनालीच्या पानावर हात फिरवायची. बाजारातून आणलेला मरून स्वेटर तिनं एप्रिलच्या उन्हात, पंखा पाचवर ठेवून, आरशासमोर दहा मिनिटं घालून पाहिला होता. सगळे हसले होते आणि तीही हसली होती.

अडलं ते आईपाशी. धुरपताबाईंचे गुडघे गेले होते, त्यांना प्रवासाला यायचं नव्हतं, पण पंचांग त्यांच्या उशाशी होतं.

"मंगळवारी? अन् उत्तरंला?" त्या म्हणाल्या. "मंगळवारी, बुधवारी उत्तरंला शूळ असतोय रे. माणसानं निघू नाई."

"आई, तिकिटं निघालीत. रेल्वेला शूळबिळ काय कळत न्हाई."

"मंग रविवारी पस्तान ठेव."

परमेश्वरनं कपाळाला हात लावला. प्रस्थान ठेवायचं म्हणजे चांगल्या दिवशी प्रवाशाचं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड फडक्यात बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायचं. तेवढ्यानं प्रवास सुरू झाला असं धरतात. मग निघायचा दिवस कसाही असो, जाताना गाठोडं उचलायचं आणि पुढं चालू पडायचं. लहानपणी त्यानं हे पाहिलं होतं आणि आता चाळिशी उलटल्यावर त्याला त्याची लाज वाटत होती.

"राजेश्रीच्या नावानं ठेव, तिच्या मनात जायाचं लय हाय," आईनं बजावलं. "अन् माणसाच्या हातात दे. त्यानं 'थांबा जरा' म्हणलं पायजे. तीन दिसाच्या आत उचलायचं."

रविवारी सकाळी स्वेटर गाठोड्यात गेला. उत्तरेला लागून घर एकच, बन्सीधर काकांचं, भिंतीला भिंत नसली तरी मधली बोळ जेमतेम चार फुटांची. पण काका आणि त्यांची बायको कुसुमबाई त्याच दिवशी पहाटे लेकीकडं पुण्याला गेले होते आणि तुळशीला पाणी घालायला किल्ली परमेश्वरकडं देऊन गेले होते. आता दुसरं उत्तरेचं घर शोधत कोण फिरणार? त्यानं कुलूप उघडलं, पुढच्या खोलीतल्या बाजेवर गाठोडं ठेवलं, तुळशीवर तांब्या रिकामा केला आणि पाच मिनिटांत परत आला.

"दिलं का?" आईनं विचारलं.

"दिलं."

"कुणाच्या हातात?"

"कुसुमबाईच्या. थांबा जरा, म्हणल्या."

ऑफिसात परमेश्वरची ख्याती होती की पोच घेतल्याशिवाय हा माणूस साधा कागद बाहेर जाऊ देत नाही. त्या दिवशी त्याला हे आठवलंसुद्धा नाही.

२

सोमवारी संध्याकाळी नंदिनीच्या मोबाइलवर निरोप आला की बीएस्सीचे शेवटचे दोन पेपर वीस तारखेच्या पुढं गेले. घरात सुतक पडल्यागत झालं. परमेश्वरनं तासभर डोकं खाजवून तिकिटं पंचवीस मेची करून घेतली, मनालीच्या हॉटेलला तारीख बदलल्याचा मेसेज टाकला आणि वहीत पहिल्या पानावर लाल पेनानं 'पुढे ढकलले' असं लिहिलं. बन्सीधर काकांच्या बाजेवरचं गाठोडं कुणाच्याही ध्यानात नव्हतं, तुळशीला पाणी घालायचंही पुढं राहूनच गेलं. ज्याच्या ध्यानात असायला हवं होतं, त्यानं ते खोटं बोलून आधीच डोक्यातून काढून टाकलं होतं.

मंगळवारी पहाटे सहाला परमेश्वरला जाग आली, तेव्हा राजेश्री दारात उभी होती. पायात चपला, खांद्याला पर्स. उंबऱ्यावर ती बराच वेळ उभी राहिली. मग आत आली, पर्स खुंटीला अडकवली आणि चहा ठेवला.

"सवयीनं जाग आली जणू," ती म्हणाली आणि हसली. परमेश्वरलाही हसू आलं. बिचारीचा किती हिरमोड झाला, असं त्याला वाटलं.

दुपारी जेवताना तव्यावरची भाकरी उलटत ती सहज म्हणाली, "देवगाव फाट्यावरची रसवंती बंद पडली की हो. चाकाला घुंगरं तशीच लटकायलीत."

"तुला कोण सांगितलं?"

"कोण कशाला सांगतंय? दिसली की."

"कवा?"

तिनं भाकरी हातात तशीच धरून ठेवली आणि थोडा विचार केला. "काय मालूम," ती म्हणाली आणि दुसरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात परमेश्वरनं सिद्धोधनला विचारलं. सिद्धोधन शेजारच्या टेबलावर बसायचा, रोज सेलूकडून येऊन-जाऊन नोकरी करायचा आणि फाट्याच्या अलीकडंच त्याचं गाव होतं. "व्हय, परवापासून बंद हाय," तो म्हणाला. "मालकाची बायको आजारी हाय. का बरं?"

"काय न्हाई, रस प्यायचा होता," परमेश्वर म्हणाला. भाजी बाजारात कुणी बोललं असेल, तिनं ऐकलं असेल, आणि ऐकलेलं पाहिल्यासारखं वाटलं असेल. होतं असं. त्यानं टपालाचा गठ्ठा पुढं ओढला.

३

त्या आठवड्यात पारा त्रेचाळीसला गेला. कूलर गरम वारा फेकत होता, नंदिनी दिवसातून तीनदा तोंडावर पाणी मारत होती, धुरपताबाई ओला पदर डोक्यावर घेऊन बसत होत्या. आणि राजेश्रीच्या अंगाला घाम नव्हता.

हे परमेश्वरच्या लक्षात आलं ते बुधवारी. चुलीपुढं उभं राहावं तसा स्वयंपाकघरात उकाडा, आणि भाकऱ्या थापणाऱ्या बायकोची पाठ कोरडी ठाक. चहाचा कप घेताना तिची बोटं लागली. माठातलं पाणी लागावं तशी गार होती.

"दिल्लीत लय गर्दी बाई," ती त्या संध्याकाळी मेथी निवडत म्हणाली. "कोणी कोणाला वाट देईना." नंदिनी हसली. तिला वाटलं, मम्मी टीव्हीवरचं सांगायलीय. शुक्रवारी राजेश्रीनं कानात बोट घालून हलवलं आणि कानाला दडे बसलेत म्हणून तक्रार केली. घाटाच्या रस्त्यानं वर चढताना बसतात तसे. पाथरीत चढ म्हणाल तर बसस्टँडच्या पायऱ्या.

ती बसायची जागाही बदलली. मधल्या खोलीत उत्तरेची एक खिडकी होती, तिच्यासमोर बोळ आणि बोळीपलीकडं बन्सीधर काकांची पोपडे निघालेली भिंत. राजेश्री तिथं खुर्ची ओढून तासन्‌तास बसू लागली.

"काय बघायलीस?" परमेश्वरनं विचारलं.

उत्तर लगेच आलं नाही. त्यानं मनात सहा-सात आकडे मोजले असतील. मग ती म्हणाली, "छान हाय."

हा उशीर त्याला सगळ्यात जास्त टोचू लागला. हाक मारली की राजेश्री ओ द्यायची, पण रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा. लांबच्या माणसाशी फोनवर बोलताना मध्ये जी पोकळी पडते तशी. शनिवारी त्यानं घड्याळ लावून पाहिलं. बावीस सेकंद लागले. आपण बायकोला हाक मारून सेकंद मोजत बसलोय, याचीच त्याला शरम वाटली. त्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, ऊन बाधलंय म्हणाले आणि मीठ-साखरेचं पाणी सांगितलं. परमेश्वरला बरं वाटलं. ऊन बाधतंच की, त्यात काय? घरी येताना त्यानं चार लिंबं घेतली.

४

सोमवारी, अकरा तारखेला, टपाल कमी होतं. मनालीच्या हॉटेलकडून मेसेजला उत्तर आलं नव्हतं, म्हणून परमेश्वरनं दुपारी फोन लावला.

"परमेश्वर जी? पाथरी वाले?" पलीकडचा मॅनेजर खुशीत होता. "अरे सर, आपकी मैडम तो कल शाम को ही पहुँच गईं."

परमेश्वर हसला. "नहीं नहीं, हमारा अभी पंद्रह दिन बाद का है. कोई दूसरी होगी."

"राजेश्री गिराम, सर. नाम खुद बताया. बोलीं, घर के लोग पीछे से आ रहे हैं."

आवक-जावकच्या टेबलावर पंखा फिरत होता आणि रजिस्टरचं पान उडू पाहत होतं. परमेश्वरनं त्यावर हात ठेवला. फसवाफसवीचे किती तरी प्रकार निघालेत हल्ली, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण कुठल्या भामट्याला त्याच्या बायकोच्या नावानं खोलीत जाऊन बसायचं होतं?

"दिखने में कैसी हैं?" त्यानं विचारलं.

मॅनेजर जरा घुटमळला. "सर, चेहरा तो ठीक से किसी ने देखा नहीं. खिड़की की तरफ मुँह करके बैठी रहती हैं. लाल-सा स्वेटर है. लड़का चाय रखता है, तो बहुत देर बाद 'हाँ' बोलती हैं." मग त्याचा आवाज पुन्हा धंद्याचा झाला. "कल ऊपर बर्फ की गाड़ी में उनका नाम लिखा है. साढ़े बारह तक पहुँच जाएँगी. आप लोग कब तक आ रहे हैं?"

परमेश्वरनं फोन ठेवला. सिद्धोधननं मान वर करून विचारलं, "परमेश्वरराव, काय झालं? लय घामेजलाव."

"काय न्हाई," तो म्हणाला आणि सुट्टीचा अर्ज न देता घरी निघाला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

राजेश्री खिडकीशी होती. घरातल्या साडीत, उघड्या पायांनी, कुठं गेलेली नव्हती. तो तिच्याजवळ स्टुलावर बसला. मग त्यानं वही आणली आणि तारखा पाहिल्या. पाचला फाटा. सहाला दिल्ली. आठला शिमल्याचा घाट. दहाला संध्याकाळी मनाली. लाल पेनानं त्यानं 'पुढे ढकलले' लिहिलं होतं खरं, पण ते कुणी वाचलेलं दिसत नव्हतं. बारा मे, साडेबारा, बर्फ. त्यानं पान उलटलं आणि कोरं पान पाहिलं. मग आणखी एक उलटलं.

बावीस वर्षांत त्याला बायको गमावण्याची भीती कधी वाटली नव्हती. आता ती वाटली, आणि इतकी वाटली की त्याला वही नीट मिटता येईना.

५

मंगळवारी सकाळी राजेश्रीनं ओ दिलीच नाही.

डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण हाक मारली, हलवलं, तरी नजर खिडकीवरून हलेना. नंदिनी रडायला लागली. त्यांनी तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा चेहरा या वेळी वेगळा होता. अंग एवढं गार कसं, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि परभणीला न्यायला सांगितलं. सिद्धोधननं फोनाफोनी करून ओळखीची जीप ठरवली, पण ती मानवतला गेलेली, एक वाजेपर्यंत येते, असं कळलं. तोवर घरी बसवा, मी जीप घेऊनच येतो, असं म्हणून तो स्टँडकडं धावला.

घरी आल्यावर राजेश्री आपण होऊन चालत खिडकीशी गेली आणि बसली. बारा वाजायला आले होते. बाहेर कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. परमेश्वर तिच्यामागं उभा राहिला आणि त्याला खिडकीची काच दिसली. तिच्या तोंडासमोरच्या काचेवर वाफ धरली होती. थंडीत धरते तशी. त्यानं हात लावला, बोटं ओली झाली.

तो आईच्या खोलीत गेला आणि जमिनीवर बसला.

"आई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "पस्तान कुसुमबाईच्या हातात न्हाई दिलं. त्या नव्हत्याच. रिकाम्या घरात ठेवून आलो. अजून तिथंच हाय."

धुरपताबाईंनी उशाचं पंचांग बाजूला सारलं. त्यांनी त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"रिकाम्या घरात," त्या शेवटी म्हणाल्या. "मंग तिला थांबा म्हणायला कोण व्हतं रे?"

"आता काय करू?"

"गाठोडं उचलून भागायचं न्हाई. ती लय पुढं गेली असंल." त्या भिंतीला धरून उठल्या. "हाक मार. मागून हाक मार तिला."

परमेश्वर त्यांच्याकडं पाहत राहिला. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा या घरातला सगळ्यात कडक नियम होता. हाक गेली की प्रवास मोडतो. शाळेत असताना त्याचा डबा विसरला, तर हीच बाई हाक न मारता, चिखलातून आडवाटेनं पळत येऊन त्याच्या पुढं उभी राहिली होती.

"मोडू दे परवास," धुरपताबाई म्हणाल्या. "मोडायचाच हाय. अन् नाव घेऊन मार. अगं म्हणलं तर अगं कोण बी असतंय. जा. आमी धरून बसतो हिला."

६

बन्सीधर काकांचं कुलूप उन्हानं इतकं तापलं होतं की रुमाल धरून उघडावं लागलं. पुढच्या खोलीत अंधार होता. बाहेरून आल्यावर डोळ्यांपुढं येते ती अंधारी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण नऊ दिवस बंद असलेल्या, पत्र्याचं छप्पर असलेल्या घरात भट्टी पेटायला हवी होती आणि त्याच्या उघड्या दंडावर काटा आला. श्वास सोडला तर तो पांढरा दिसेल की काय, या भीतीनं त्यानं तो धरून ठेवला.

गाठोडं बाजेवर होतं. गाठ त्यानं मारलेली तशीच होती. पण फडकं चपटं झालं होतं. त्यानं वरून दाबलं, तर तांदळाचे दाणे लागले, सुपारी लागली, हळकुंड लागलं. आणखी काही लागलं नाही.

मधल्या खोलीत कपाट, शिलाई मशीन, भिंतीवर कॅलेंडर. कुठं तरी पाणी ठिबकत होतं. नळ बंद होता, त्यानं हात लावून पाहिला. ठिबकणं मागच्या बाजूनं येत होतं. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि थांबला.

परसदार उघडं होतं.

ते उघडं असायचं कारण नव्हतं. रविवारी त्यानं आतून कडी पाहिली होती. दारापलीकडं काकांचं अंगण, धुणं वाळत घालायची तार आणि मग कापूस काढून मोकळं झालेलं रान असायला हवं होतं. पण चौकटीत नुसतं पांढरं होतं. पाहवत नव्हतं इतकं. ऊन असेल. मे महिन्याच्या दुपारी अंधाऱ्या घरातून बाहेर पाहिलं तर असंच दिसतं, डोळे दिपतात, कुणीही सांगेल. पण उन्हाला आवाज असतो, पत्रे कडकडतात, पाखरं ओरडतात. इथं काही नव्हतं. आणि त्या पांढऱ्यातून येणारं वारं त्याच्या पायांच्या नडग्यांना चावत होतं.

मग त्याला पाठ दिसली.

लांब होती. अंगण जिथं संपायला हवं होतं त्याच्याही पुढं. मरून स्वेटर, खाली साडी, पाठीवर वेणी. सहलीला आलेलं माणूस चालतं तशी ती सावकाश, इकडं तिकडं पाहत चालली होती. ती सुखात होती, हे चालण्यावरून कळत होतं. बावीस वर्षांत परमेश्वरनं तिला असं चालताना पाहिलं नव्हतं.

"अगं ए!" त्याच्या तोंडून सवयीनं निघालं.

पाठ चालत राहिली. लहान होत चालली.

त्याला नाव घेता येईना. आईसमोर, वडिलांसमोर, चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. एकांतातही अगं, ऐक, हे बघ. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. चौकटीला धरलेला हात गारठून दुखायला लागला, आणि तिकडं स्वेटरचा रंग पांढऱ्यात विरायला लागला.

"राजेश्री!" तो ओरडला. "राजेश्री! कुठं चाललीस? माघारी फिर!"

एका निघालेल्या माणसाला जे जे म्हणू नये ते सगळं त्यानं एका दमात म्हटलं.

पाठ थांबली. डोकं किंचित वळलं, कान दिसला, गालाची कड दिसायला लागली. परमेश्वरला अचानक वाटलं की तो चेहरा आपण पाहू नये. त्यानं डोळे गच्च मिटले आणि पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. समोर काय होत होतं, ते त्याला माहीत नाही. काही तरी मऊ जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

आणि ओ आली. समोरून नाही. त्याच्या पाठीमागून, बोळीपलीकडून, त्याच्या स्वतःच्या घरातून.

"ओ! काय झालं? कशाला गावभर बोंबलायलाव?"

७

परमेश्वर चप्पल न घालता धावत आला, तेव्हा राजेश्री खुर्चीत बसून पदरानं मानेचा घाम पुसत होती. कपाळावरून, कानामागून, गळ्यावरून घामाचे ओघळ चालले होते. ब्लाऊज पाठीला चिकटला होता. धुरपताबाई तिचे दोन्ही हात धरून रडत होत्या आणि नंदिनी एकाच वेळी रडत आणि हसत होती.

"अहो, कूलर का बंद हाय?" राजेश्री म्हणाली. "जीव घेता का माझा? पाणी द्या कोणी तरी. अन् भूक लागलीय मला."

ती दोन तांबे पाणी प्याली. मग शिळी भाकरी, ठेचा, कांदा, वर ताक, असं जे समोर आलं ते खाल्लं. सिद्धोधन जीप घेऊन आला तेव्हा ती तिसरी भाकरी मोडत होती. त्यानं एकदा तिच्याकडं, एकदा परमेश्वरच्या उघड्या, पोळलेल्या पायांकडं पाहिलं.

"मीठ-साखरेचं पाणी लागू पडलं म्हणायचं," तो म्हणाला.

"व्हय," परमेश्वर म्हणाला, आणि वळून ताकाचं भांडं तिच्यापुढं सरकवलं. सिद्धोधन हुशार माणूस, त्यानं पुढं काही विचारलं नाही. तरी जीप आलीच आहे म्हणून सगळे परभणीला जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. अंगात थोडी कसर आहे, शहाळं द्या, म्हणाले. येताना वाट वाकडी करून पोखर्णीला नृसिंहाच्या पायरीवर धुरपताबाईंनी गुडघ्यांची पर्वा न करता डोकं टेकलं.

गाठोडं परमेश्वरनं त्याच संध्याकाळी आणलं. आईला सोबत घेऊन गेला. परसदाराला आतून कडी होती. कडीजवळच्या फरशीवर स्वेटर पडला होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. राजेश्रीला न दाखवता त्यांनी तो गच्चीवर वाळत घातला. उन्हाळ्याची झळ अजून होती, अर्ध्या तासात खडखडीत वाळला.

"तुला काय आठवतंय का?" रात्रीच्या जेवणानंतर त्यानं तिला विचारलं. गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या. खाली आईनं सगळ्या दाराखिडक्या स्वतः लावल्या होत्या.

"काय आठवायचंय? ताप होता ना मला?"

"बर्फबिर्फ?"

"बर्फ?" ती हसली. "तुमी दाखवला कुठं अजून? पंचवीसला जायाचंय का न्हाई, ते सांगा."

परमेश्वरनं उशी सरळ केली. दुपारपासून त्यानं मनात शंभर वेळा ठरवलं होतं की आता देवगाव फाट्याच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. पण अंधारात तिचा चेहरा त्याच्याकडं वळलेला होता आणि तो पूर्ण दिसत होता. जातानाची ती पाठ त्याला आठवली, सुखानं चालणारी. ते सुख खरं होतं, फक्त ती एकटी होती.

"जाऊ," तो म्हणाला. "पण संगं जाऊ. तू पुढं अन् आमी मागून, असं न्हाई."

"मी कवा पुढं गेले तुमच्या?" राजेश्री म्हणाली.

ती बोलता बोलता झोपली. वारं पडलं होतं. उकाडा असा की गादीसुद्धा अंगाला चिकटत होती आणि शेजारच्या गच्चीवर कुणी तरी उन्हाळ्याला शिव्या देत होतं. परमेश्वरनं तिचा हात हातात घेतला. हात गरम होता, घामानं ओला होता, निसटत होता. त्यानं तो पुन्हा नीट धरला आणि हळूच, नंदिनी जागी होणार नाही इतक्या हळू, बायकोला नाव घेऊन हाक मारली.

"हं," राजेश्री झोपेतच म्हणाली. लगेच.